ऑनलाइन सेमिनारला पैसे घालून पदरात काय पडतं?

शिरोलीचा_ओतारी
१० नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मेथड्स (ओतायची पद्धत) आणि क्वालिटी बघतो. ग्रे आयर्न आणि एसजी (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड) दोन्ही ओततो, माल बहुतेक ट्रॅक्टर आणि पंपवाल्यांचा. परवा मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि समोर एक माहितीपत्रक सरकवलं. कास्टिंगमधल्या दोषांवर ऑनलाइन सेमिनार. तीन दिवस, रोज चार तास, माणशी साडेसात हजार अधिक जीएसटी. म्हणाले, "सहा जणांना बसवूया काय? पण पैसे वसूल होतील का नाही, ते मला लिहून दे."

लिहून दे म्हटल्यावर गोची झाली. तोंडी कुणीही सांगतं, चांगलं असतंय साहेब, ज्ञान वाढतं. माझ्या गाठीला दोन अनुभव आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

पहिला पैसे भरून केलेला. वक्ते मोठे, पडद्यावर सिम्युलेशन झकास, साच्यात धातू लाल-पिवळा होत भरतोय, बघत राहावं असं. मी चॅटमध्ये लिहिलं, "आमच्या एसजीच्या ब्रॅकेटला वरच्या अंगाला ब्लोहोल येतात, पावसाळ्यात जास्त. कोअर सीओटूचे आहेत. सुरुवात कुठून करू?" (ब्लोहोल म्हणजे ओतकामात वायूनं पडलेली भोकं. कोअर म्हणजे नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा ठोकळा, सीओटूचा म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट केलेला.) सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, फारच छान प्रश्न आहे, यावर आपण ईमेलवर बोलू. ती ईमेल अजून वाटेतच आहे. सर्टिफिकेट मात्र शेवटचं भाषण संपायच्या आत आलं, माझं आडनाव चुकवून.

दुसरा फुकट. एक निवृत्त फौंड्रीवाले काका रविवारी सकाळी घेतात. या सप्टेंबरात बसलो, आम्ही अकराच जण होतो. स्लाइड एकही नाही. आठवडाभर आधी निरोप आला होता की एक खराब कास्टिंग करवतून फोटो पाठवा, सोबत साच्याच्या सँडच्या, म्हणजे वाळूच्या, टेस्टिंगच्या रजिस्टरची आठवड्याची पानं. माझा फोटो पडद्यावर लावला आणि विचारलं, "हे भोक आतून कसं आहे? चकचकीत का काळपट?" मी कधी आत वाकून बघितलंच नव्हतं! नग टेबलाखालीच होता. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. गुळगुळीत, चकचकीत. काका म्हणाले, "म्हणजे गॅस. आता सांग, रजिस्टरात मॉइश्चर आहे, पर्मिअॅबिलिटी आहे, जीसीएस आहे. सँडचं तापमान कुठं आहे?"

(पर्मिअॅबिलिटी म्हणजे वाळूतून वायू किती निघून जातो ते, जीसीएस म्हणजे ओल्या वाळूची दाबाखालची ताकद.) तापमान आम्ही मोजतच नव्हतो. दुसऱ्या दिवशी मोजलं तर रात्रपाळीला परत येणारी सँड पन्नास अंशांच्या वर. गरम सँडमधली वाफ गार कोअरवर जाऊन बसते, चहाच्या पातेल्यावरच्या झाकणीला पाणी सुटतं तसं. मग आम्ही दोनच गोष्टी केल्या. सँडला निवायला वेळ द्यायला लागलो आणि कोअर जमिनीवरून उचलून रॅकवर ठेवून त्याच दिवशी वापरायला लागलो. सप्टेंबरात शंभराला अकरा नग रिजेक्ट होत होते, ऑक्टोबरात सहा.

तर प्रश्न असा. समोरचा सेमिनार पहिल्या जातीचा आहे की दुसऱ्या, हे पैसे भरायच्या आधी ओळखायचं कसं? आणि झाल्यावर मोजायचं कशावर? फौंड्रीबाहेरच्या लोकांनीही सांगा, तुमच्या धंद्यात काय करता.

तांबडा_की_पांढरा
१० नोव्हेंबर, रात्री १०:३१

आडनाव चुकलेलं सर्टिफिकेट फ्रेम करून लावा. चर्चा होते.

पापाची_तिकटी
१० नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी सीए, त्यामुळं आधी आकडा. साडेसात हजार गुणिले सहा म्हणजे ४५,०००. वर १८ टक्के धरून ५३,१००. टॅक्सचं क्रेडिट तुम्हाला मिळेल, तो भाग सोडा. पण मालकांनी न धरलेला खर्च वेगळाच आहे. सहा माणसं, बारा तास, म्हणजे ७२ तास ही माणसं लाइनवर नसणार. त्याची किंमत फीपेक्षा कमी येते का बघा. फुकटचा वेबिनार फुकट नसतो तो याच्यासाठी.

आमच्याकडं हे सक्तीचंच आहे. प्रॅक्टिस करणाऱ्या, साठीच्या आतल्या सीएला तीन वर्षांत शिकण्याचे १२० तास पुरे करावे लागतात, त्यातले निदान ६० स्ट्रक्चर्ड, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यक्रमांतले. आता जे मोजलं जातं तेच माणूस गोळा करतो. ओळखीच्या एका ऑफिसात लॅपटॉपवर व्याख्यान चालू असतं आणि साहेब दुसऱ्या स्क्रीनवर रिटर्न भरत असतात. माणूस जागा आहे का बघायला मध्येच पोल येतो. त्यासाठी ऑफिसात सीए शिकायला असलेल्या आर्टिकलवाल्या पोराला सांगून ठेवलंय, टिंग वाजलं की काहीतरी दाब.

पण सरसकट नावं ठेवणार नाही. जीएसटी कौन्सिलनं ३ सप्टेंबरला दर बदलायचं ठरवलं आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ते लागू झाले. मधे तीन आठवडे सुद्धा नाहीत. शाहूपुरीतले व्यापारी रोज दारात, जुन्या स्टॉकचं बिल कुठल्या दरानं फाडायचं म्हणून. त्या आठवड्यात संध्याकाळी दीड तासाचं एक ऑनलाइन सत्र केलं. माल ज्या दिवशी विकाल त्या दिवशीचा दर, जुन्या खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तसंच राहतं, माल करमुक्तच झाला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एवढं पक्कं झालं आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी ते पाच गिऱ्हाइकांना सांगितलं. यासाठी मुंबईला गेलो असतो तर परत येईपर्यंत दुकानदारांनी चुकीची बिलं फाडून झाली असती.

माझा हिशेब म्हणून साधा आहे. नियम बदलला, तारीख जवळ आली, तर ऑनलाइन. निवाडे कसे वाचायचे, नोटिशीला उत्तर कसं लिहायचं, हे सिनिअरच्या शेजारी बसून.

उद्यमनगरी_दादा
११ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

आपल्या कोल्हापूरचे जुने नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांनी कुठला वेबिनार बघितला होता रे?

मी चाळीस वर्षं पॅटर्न, म्हणजे साचा ज्याच्यावरनं काढतात तो नमुना, करतोय. ग्रे आयर्नला आकसायची सूट मीटरला दहा मिलीमीटर, हे पुस्तकात आहे आणि तुमच्या कंप्युटरात पण असंल. पण मधे दणकट कोअर आडवा आला की ओतकाम तेवढं आकसत नाही. कुठं आठ धरायची, कुठं नऊ, हे मला वस्तादानं पट्टी डोक्यात घालून शिकवलं. पट्टी इंटरनेटवरनं येत न्हाई.

शिरोलीचा_ओतारी
११ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

दादा, म्हादबा मेस्त्रींच्या हाताखाली शिकायला मिळालं असतं तर मी हा धागाच काढला नसता. आता तुमच्यासारखे वस्ताद किती उरलेत आणि पोरांना शेजारी उभं करून घ्यायला वेळ कुणाला आहे, ते पण सांगा.

उद्यमनगरी_दादा
११ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

तेबी खरं हाय. माझाच पोरगा बेंगळुरूला आयटीत.

सागरमाळचे_सर
११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. या विषयात माझ्याएवढा पापी माणूस तुम्हाला मिळायचा नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मे-जून या दोन महिन्यांत मी ४३ ई-प्रमाणपत्रं मिळवली. त्यात आमच्या विषयाची नऊ. बाकी योग, बौद्धिक संपदा, पक्षी निरीक्षण, असं जे दिसेल ते. पद्धत ठरलेली होती. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, शेवटी गुगल फॉर्म, दहा प्रश्न, ४० टक्के मिळाले की पीडीएफ. कमी पडले तर फॉर्म परत भरता यायचा. काही ठिकाणी तर फक्त अभिप्राय लिहायचा. "अतिशय उद्बोधक" हे मी कॉपी करूनच ठेवलं होतं. बढतीच्या फायलीला जाडी हवी असते, म्हणून सगळेच धावत होते. आज त्या ४३ मधलं काय आठवतं असं विचाराल तर धनेश पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून खाऊ घालतो, एवढंच.

त्याच्या उलट एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिक्षणाचा, बारा आठवड्यांचा एक कोर्स केला. दर आठवड्याला असाइनमेंट, तिला २५ टक्के वजन. उरलेले ७५ टक्के केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून दिलेल्या परीक्षेला. दोन्हीकडं वेगवेगळं पास व्हावं लागतं. हजार रुपये परीक्षा फी भरली की माणूस आपोआप अभ्यास करतो, हे मी वयाच्या ४६ व्या वर्षी शिकलो. नापास होता येतं का, हे मी आता आधी बघतो. जिथं कुणीच नापास होत नाही तिथं काहीतरी शिकल्याचा पुरावा पण नसतो.

जाता जाता, आयआयटी मुंबईचं ई-फौंड्री म्हणून संकेतस्थळ आहे, कास्टिंग डिझाइनचे धडे फुकट मिळतात. साडेसात हजारांच्या माहितीपत्रकातले विषय त्याच्याशी ताडून बघा. निम्मं तिथंच असेल तर पैसे कशाचे मागतायत, हे त्यांना विचारता येईल.

तांबडा_की_पांढरा
११ नोव्हेंबर, दुपारी १:४४

सर, धनेशाची फी वसूल झाली म्हणा की.

राजारामपुरी_दवाखाना
११ नोव्हेंबर, रात्री ९:५०

डॉक्टरांचंही तेच आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट. पॉइंटसाठी बसलेला डॉक्टर आणि पेशंट अडलाय म्हणून बसलेला डॉक्टर एकाच लिंकवर असतात. बाहेरून फरक दिसत नाही.

माझा एक अनुभव सांगतो. सोनोग्राफीत बघत सांध्यात सुई घालायची, हे शिकायचं होतं. तीन वेबिनार केले, तिन्ही उत्तम. कुठली रचना कुठं, प्रोब कसा धरायचा, सगळं पाठ. प्रत्यक्षात प्रोब हातात घेतला आणि सुई पडद्यावरून गायब! मनगट केसभर कललं तरी सुई ध्वनिलहरींच्या पातळीतून बाहेर जाते आणि दिसेनाशी होते. वेबिनारात शिकवणाऱ्याचं मनगट स्थिर होतं, त्यामुळं ही अडचण तिथं आलीच नाही. मग एका कार्यशाळेत दिवसभर कोंबडीच्या मांसावर सुया खुपसल्या. दुपारपर्यंत दिसत नव्हती, चारच्या सुमाराला दिसायला लागली. मात्र त्या दिवशी बाकीचे लोक रचना समजून घेण्यात वेळ घालवत होते, माझी ती तयारी वेबिनारात झाली होती. म्हणून ते तीन वेबिनार वाया गेले असं मी म्हणणार नाही.

आणि पैसे कोण घालतंय ते नक्की बघा. आमच्याकडं बाराव्या स्लाइडपर्यंत आजार असतो, तेराव्यापासून एकच गोळी. तुमच्या त्या सेमिनारामागं बेंटोनाइट (साच्याच्या वाळूत घालायची माती) किंवा मशीन विकणारं कुणी आहे का?

एचआर_कागल
१२ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत ट्रेनिंगचं बघते. कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसानं १९५९ साली यासाठी चार पायऱ्या मांडल्या, आजही सगळे त्याच वापरतात. लोकांना आवडलं का, काही शिकले का, कामाच्या जागी वागणं बदललं का, कंपनीला फळ मिळालं का. आपले फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवर बैठक मारून बसलेत. आवाज नीट येत होता का? वक्ता आवडला का? बास. ओतारीभाऊंच्या काकांना पहिल्या पायरीवर कमी गुण पडले असते, स्लाइड नव्हत्या म्हणून.

मी काय करते, तर नाव द्यायच्या आधी प्रत्येकाकडून एका कागदावर त्याची सध्याची एक अडचण लिहून घेते. अडचण लिहिता आली नाही तर लिंक नाही. महिन्यानं तोच कागद समोर ठेवते. आमच्याकडं पहिल्या वेळेला चौदातल्या पाच जणांनाच काही लिहिता आलं. बाकीचे रागावले, ते वेगळं.

भुदरगडची_बाई
१२ नोव्हेंबर, रात्री ८:२०

सगळे शहरातून बोलताय म्हणून लिहिते. मी भुदरगड तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. कोल्हापूरला ट्रेनिंग म्हणजे पहाटेची एसटी, दिवसभर खुर्ची, रात्री आठला घर. शाळा दोनशिक्षकी, मी गेले की चार वर्ग एका सरांच्या गळ्यात. आम्हाला ऑनलाइन आलं ते सोन्याहून पिवळं वाटलं.

२०२० मध्ये दीक्षा या सरकारी पोर्टलवर शिक्षकांचं निष्ठा प्रशिक्षण सुरू झालं. खोटं कशाला बोलू, काही भागांना मोबाईल चालू ठेवून मी भाकऱ्या थापल्यात. पण हातच्याच्या वजाबाकीचा एक व्हिडिओ होता. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, बावन्नातून सदतीस काढायचे, तर एक गठ्ठा मुलानं स्वतः सोडायचा, रबर काढून. तो मी चार वेळा बघितला, थांबवून, मागं नेऊन. बाई रबर काढताना काय बोलतात ते वहीत उतरवलं. तालुक्याच्या ट्रेनिंगला साहेबांना "परत एकदा दाखवा" म्हणायची सोय नसते. दुसऱ्या दिवशी वर्गात केलं. तिसरीतला एक मुलगा वर्षभर मोठ्यातून लहान वजा करत होता, वरचं-खालचं न बघता. बावन्न वजा सदतीस, उत्तर पंचवीस. त्यानं रबर काढलं, काड्या सांडल्या, सगळे सुटे मोजले, बारा, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आता बारातून सात जातात की!"

मला याहून वेगळं मोजमाप माहीत नाही. रेंज मात्र शाळेच्या मागच्या उंबराखालीच येते, पावसाळ्यात तीही नाही.

गोकुळ_शिरगाव
१२ नोव्हेंबर, रात्री ११:३०

ओतारीभाऊ, राग मानू नका, पण तुमच्या दुसऱ्या उदाहरणावरच माझा आक्षेप आहे. सेमिनार सप्टेंबरात, रिजेक्शन उतरलं ऑक्टोबरात. ऑक्टोबरात आणखी काय उतरलं? पाऊस. "पावसाळ्यात जास्त" हे तुम्हीच लिहिलंय. सीओटूचा कोअर दमट हवेत पाणी ओढतो. हवा कोरडी झाली की तुम्ही काही केलं नसतं तरी ब्लोहोल कमी झाले असते. काका आरवले म्हणून उजाडलं, असं तर नाही ना?

दुसरं. आतले ब्लोहोल मशीनिंग झाल्यावर उघडे पडतात. ऑक्टोबरात ओतलेला सगळा माल मशीन शॉपमधून निघाला का? नसेल तर तुमचा सहाचा आकडा कच्चा आहे, त्यात भर पडणार. रिजेक्शन परत आलेल्या तारखेवर मोजू नका, ओतलेल्या तारखेवर मोजा. नगावर हीट कोड (कुठल्या ओतीतला नग ते सांगणारा) असेलच.

गेल्या वर्षीचं रजिस्टर काढा. तेव्हा काकाही नव्हते, तापमानाचं रजिस्टरही नव्हतं, पाऊस मात्र होता.

तांबडा_की_पांढरा
१२ नोव्हेंबर, रात्री ११:३८

नाद खुळा. वाचनखूण साठवली.

पापाची_तिकटी
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

गोकुळ_शिरगाव, तुम्ही ऑडिटमध्ये यायला पाहिजे होतं.

शिरोलीचा_ओतारी
१६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

तीन दिवस गप्प होतो कारण गेल्या वर्षीचं रजिस्टर मिळत नव्हतं. शेवटी फेटलिंगच्या, म्हणजे ओतकाम घासून साफ करायच्या, शेडमध्ये सापडलं, ग्राइंडरचं चाक त्याच्यावर ठेवलेलं. हीट कोडप्रमाणं पुन्हा मोजलं, मशीन शॉपमधून आलेले नग धरून. काल दुपार त्यातच गेली.

गेल्या वर्षी याच ब्रॅकेटला सप्टेंबरात शंभराला दहा, ऑक्टोबरात आठ. या वर्षी सप्टेंबरात अकरा, ऑक्टोबरात सात. सहा नव्हे, सातच, एक मशीन शॉपमधून वाढला. म्हणजे पाऊस गेल्यानं दोन उतरले असं धरलं तर काकांच्या खात्यावर दोनच राहतात. मी इथं पाचाची बढाई मारून गेलो होतो. आम्ही महिन्याला हजार-बाराशे ब्रॅकेट ओततो, म्हणजे वीस-चोवीस नग वाचले. एका वर्षाच्या आकड्यावर एवढंच बोलता येतं. पुढच्या जुलैत पुन्हा मोजणार, खरं काय ते तेव्हा कळेल. तापमानाचा रकाना आता रजिस्टरात कायमचा आहे.

मग त्या साडेसात हजारवाल्यांना फोन लावला. तुमच्या प्रश्नांतून चारच विचारले. किती जण असतील? आमच्या नगाचा फोटो आधी पाठवला तर बघणार का? रोजच्या चार तासांत प्रश्नांना किती वेळ? प्रायोजक कोण? उत्तरं अशी आली. दोनशेच्या आसपास. फोटोचं बघून सांगतो. शेवटची दहा मिनिटं. चौथ्या प्रश्नाला म्हणाले, माहितीपत्रकात मागच्या पानावर आहे. पान उलटलं. सँडमध्ये घालायचा माल विकणारे आहेत.

एचआर ताईंची युक्ती पण केली. सहाही जणांना अडचण लिहायला सांगितली. दोघांनीच लिहिली. एकाची एसजीमध्ये मॅग्नेशियमचा असर लॅडल (ओतायचं भांडं) शेवटच्या साच्यापर्यंत पोचेतो उतरतो त्याबद्दल, दुसऱ्याची रायझरच्या (आकसताना धातू पुरवणाऱ्या साठ्याच्या) मानेजवळच्या श्रिंकेजची, म्हणजे आकसून पडणाऱ्या पोकळीची. बाकी चौघांनी लिहिलं, "साहेब सांगतील ते".

मालकांना अर्धं पान लिहून दिलं. सहा नकोत. या सेमिनारला कुणीच नको. ज्या दोघांनी अडचण लिहिली त्यांना काकांच्या रविवारी बसवा, आणि त्या दिवसाचा ओव्हरटाइम द्या. मालकांनी दोनदा वाचलं. विचारलं, "काका किती घेतात?" म्हटलं, काही नाही. मालक म्हणाले, "मग गाडी पाठवू की. इथंच आणू, सगळ्या शॉपला एकदम शिकवतील."

काकांना फोन केला, गाडीचं सांगितलं. हसले. म्हणाले, "अरे, दोन्ही गुडघे गेलेत माझे. फौंड्रीत पाय टाकून सहा वर्षं झाली. म्हणून तर हे कॅमेऱ्यावर चालू केलं. तू गाडी नको पाठवू, त्या दोघांना नग करवतायला सांग, आणि उभा नको, आडवा करवता म्हणावं."